धीर देणाऱ्या रमाबाई

मैत्रिणींनो, कुणाच्या घरावर संकट कोसळलं की आपण बायका धावत जातो. पाठीवरून हात फिरवतो, होईल हो सगळं नीट असं म्हणतो, चहा घेतो आणि निघतो. मनापासूनच जातो आपण. पण परतताना पायरी उतरता उतरता आपल्यालाही ठाऊक असतं की आपल्या त्या चार शब्दांनी त्या घरातली चूल काही पेटणार नाही. मग धीर द्यायचा तो कसा? नुसत्या बोलण्यानं मिळतो का तो?

हा प्रश्न मनात घोळायला लागला की मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचं नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. संस्कृतच्या मोठ्या विदुषी, शारदासदन काढणाऱ्या, आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या. एवढ्या तीन ओळींत त्यांना गुंडाळून आपण पुढे जातो. ख्रिस्ती झाल्या म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणींनी त्यांच्याबद्दल पुढे वाचलंच नाही. मला मात्र त्यांच्या विद्वत्तेपेक्षा केडगावचीच वर्षं जास्त ओढून घेतात. भुकेनं अर्धमेल्या झालेल्या शेकडो मुलींना एका बाईनं उभं केलं, ती वर्षं.

मी पेण तालुक्यातल्या जोहे गावची. जोहे, हमरापूर, कळवे ही आमची गणपती घडवणारी गावं. कारखान्यात बायकांचा हात मोठा असतो. २०२० साली कोरोना आला, मूर्तींच्या उंचीवर मर्यादा आली, आणि त्यातच ३ जूनला निसर्ग वादळानं रायगड जिल्हा झोडपून काढला. त्या दिवसांत धीर देणारे फोन पुष्कळ येत होते. पण मला आठवतात त्या वेगळ्याच बायका. हातात काहीतरी काम ठेवणाऱ्या, दुसरीच्या पोराला आपल्या ताटात बसवणाऱ्या. रमाबाईंची गोष्ट तेव्हापासून मला जास्त जवळची वाटते, म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. कर्नाटकातल्या घाटात, गंगामूळ नावाच्या रानातल्या ठिकाणी अनंतशास्त्र्यांनी आश्रम थाटला होता. बायकांनी संस्कृत शिकायचं नाही असा तो काळ. शास्त्रीबुवांनी मात्र बायकोला शिकवलं. त्याबद्दल पंडितांच्या सभेत त्यांना जाब द्यावा लागला, पण ते हटले नाहीत. मग लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या अंधारात लेकीला कुशीत घेऊन श्लोक शिकवले. पुस्तक न बघता भागवताचे हजारो श्लोक म्हणणारी ती मुलगी पुढे पंडिता झाली, त्याची मुळं अशी आईच्या कुशीत आहेत.

आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पाहुणचार करता करता पैसा संपला. कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळात बसून पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर भागवायचं आणि पुढच्या गावाला जायचं. दुसऱ्याची चाकरी करायची नाही, हात पसरायचा नाही, हा शास्त्रीबुवांचा बाणा. सुकाळात तो निभावला. मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाला सुरुवात झाली.

जवळचे पैसे संपले, दागिने गेले, भांडी गेली. पोटाला रानातली पानं आणि कडू फळं. म्हाताऱ्या वडिलांची दृष्टी गेली होती. शेवटी त्यांनी तळ्यात जलसमाधी घ्यायची ठरवलं. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला. कुळाचा अभिमान बाजूला ठेवून मी मजुरी करीन म्हणाला. वडिलांचा तो विचार टळला खरा, पण त्यांचं शरीर संपलंच होतं. ते गेले. त्यांच्यामागून काही आठवड्यांतच आई गेली.

आईच्या अंत्ययात्रेचा प्रसंग रमाबाईंनी नंतर लिहून ठेवला आहे. परक्या गावात खांदा द्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ, आणि चौथ्या खांद्याला कुणी नाही. तेव्हा रमाबाई स्वतः उभ्या राहिल्या. त्या ठेंगण्या होत्या, खांदा पुरेना, म्हणून तिरडीची बाजू डोक्यावर घेऊन त्या तीन मैल चालल्या. वय सोळा-सतरा. पुढे थोरली बहीणही गेली.

उरले भाऊ-बहीण. दोघं पायी हिंदुस्थानभर फिरली, हजारो मैल. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीनं जीव जायची वेळ आली. अंगावर पांघरूण नाही. दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, आत उतरले, आणि मान तेवढी वर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. तशी रात्र काढली. हे वाचताना माझ्या मनात येतं, की पुढे ज्या बाईनं दुष्काळातल्या मुलींना पांघरूण दिलं, तिला पांघरूण म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचं संस्कृत ऐकलं आणि थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती हे मान त्यांना तिथेच मिळाले. पण सुखाचे दिवस थोडेच. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणी पद्धतीचं. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजारानं बिपिनबाबू गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा, पदरात दहा महिन्यांची पोर, आणि माहेर म्हणून जगात कुणी नाही.

त्या पुण्याला आल्या. त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला. मुलींना शिकवायला बायका शिक्षिका पाहिजेत, बायकांवर इलाज करायला बायका डॉक्टर पाहिजेत, हे त्यांनी हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे सांगितलं. स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं. त्याच्या पैशांतून पुढच्या वर्षी त्या लेकीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं. कानानं दगा दिल्यामुळे तो बेत पुढे सोडावा लागला.

इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या उतरल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. परक्या देशात पोचून थोडेच महिने झाले होते, तोच आनंदीबाईंनी विष घेऊन जीव दिला. लांबच्या मुलखात सोबतीला असलेलं एकुलतं एक आपलं माणूस असं गेलं. रमाबाई मुळापासून हादरल्या. मनानं ढासळलेल्या माणसाला नुसतं सोबत ठेवून भागत नाही, हे त्यांना तेव्हा किती लागलं असेल याची कल्पनाच करावी.

याच काळात मठातल्या बायकांनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम इथलं एक घर दाखवलं. समाजानं पतित म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा होता. शिकल्यासवरलेल्या, चांगल्या घरच्या बायका त्यांची सेवा करत होत्या, त्यांना तुच्छ न लेखता. रमाबाईंना हे नवं होतं. येशूनं शोमरोनी बाईशी विहिरीवर कसं बोलणं केलं ती कथा त्यांना तिथे भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि छोट्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

इथे महाराष्ट्रात केवढा गहजब झाला. पण मैत्रिणींनो, ख्रिस्ती झाल्यावर त्यांचा मार्ग सोपा झाला असं समजू नका. चर्चमधल्या मोठ्या लोकांशीही त्यांचं पटेना. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. बाईनं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हट्ट धरला. रमाबाईंनी साफ सांगितलं की आपण एका पुरोहितशाहीतून सुटून आलो ते दुसरीच्या हाती जायला नव्हे. मठातल्या जेराल्डिनबाई त्यांना आईसारख्या. त्यांच्याशीही त्यांनी श्रद्धेच्या मुद्द्यांवर पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घातला, आणि नातंही टिकवलं. देशी पोशाख सोडला नाही, शाकाहार सोडला नाही.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आपल्या आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरी पदवीचं. ११ मार्चला फिलाडेल्फियात तो सोहळा झाला. पुढची अडीच-तीन वर्षं रमाबाई अमेरिकाभर फिरल्या, व्याख्यानं दिली. हिंदू बालविधवांचं दुःख सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघालं आणि गाजलं. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिनं विधवांच्या शाळेला दहा वर्षं खर्च देण्याचं कबूल केलं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या विद्यार्थिनींत होती गोदूबाई ही बालविधवा. हीच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. आपण ज्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो त्या. सदनात प्रत्येकीला आपापला धर्म पाळायची मोकळीक होती. सोवळं-ओवळं सांभाळणाऱ्या मुलींची वेगळी सोय होती. मात्र रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा खोलीचं दार उघडं असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत.

यावरूनच १८९३ साली पेटलं. मुलींना बाटवतात असा ओरडा झाला. केसरीनं टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळातली मोठी माणसं बाजूला झाली. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं. टीका करणाऱ्यांचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द होता, आणि ज्या बाईचं सगळं आयुष्यच प्रार्थनेवर उभं आहे तिच्या घरात तटस्थपण कितपत टिकणार, हा प्रश्न रास्तच होता. पण काढून नेलेल्या त्या विधवा मुलींना घरी काय वाट पाहत होतं, हाही प्रश्न तितकाच रास्त होता. तो मात्र फारसा कुणी विचारला नाही.

अमेरिकेची मदत दहा वर्षांचीच. ती संपल्यावर काय, हा विचार रमाबाईंनी आधीच केला होता. पुण्याच्या पूर्वेला, दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव इथे त्यांनी जमीन घेतली. विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालेल असा हिशेब. घर चालवणाऱ्या बाईचा हिशेब तो!

आणि मग १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

बातम्या येत होत्या. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. हाताशी पैसा नव्हता. पुण्यातली मंडळी दुरावलेली, सदनातल्या मुलींचाच खर्च कसाबसा निघत होता. घरात बसून हळहळ व्यक्त केली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. पण वीस वर्षांपूर्वीचे ते कडू फळांचे दिवस त्यांना स्वस्थ बसू देईनात. त्या निघाल्या. पुण्याच्या सुंदराबाई पवार यांच्यासारख्या ख्रिस्ती बायका या कामात सोबत होत्या. दुष्काळी भागातल्या मदत छावण्या, धर्मशाळा, रस्त्याकडेची झाडं, सगळीकडे मुली पडलेल्या. कुणी आईबाप गमावलेल्या, कुणी टाकून दिलेल्या. काही दुष्ट माणसं पोटाला देतो म्हणून त्यांतल्या वयात आलेल्या मुली उचलून नेत होती. रमाबाईंना हीच सगळ्यात मोठी भीती होती. भूक एक वेळ शरीर मारते, हे लोक मुलीचं सगळं आयुष्य मारतात.

त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग शिरला होता, एवढ्या जणींना शहरात ठेवायला परवानगी नव्हती. मग केडगावच्या शेतावर तंबू पडले, झोपड्या उभ्या राहिल्या. ज्या बागेच्या उत्पन्नावर शाळा चालायची होती तिथेच दुष्काळग्रस्तांचं गाव वसलं. त्यालाच पुढे मुक्ती हे नाव मिळालं. २४ सप्टेंबर १८९८ ला तिथल्या इमारतीचं समर्पण झालं.

हे सगळं गोड गोड नव्हतं बरं का. आलेल्या मुली आजारी होत्या. डोक्यात उवा, अंगावर जखमा, पोटं सुजलेली. खूप दिवसांच्या उपाशी पोटाला एकदम जेवण दिलं तरी जीव जातो, त्यामुळे थोडं थोडं भरवावं लागे. कितीतरी जणी वाचल्या नाहीत. काही पळून गेल्या. काही जणी अन्न लपवून ठेवत, उद्या मिळेल यावर विश्वासच नव्हता. भांडत, ओरबाडत. भूक माणसाचं काय करते ते रमाबाईंना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्या मुलींना वाईट ठरवलं नाही.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट. एवढ्या मुलींना सांभाळायला माणसं कुठून आणायची? पगारी माणसं ठेवायला पैसा नव्हता. रमाबाईंनी शारदासदनातल्या थोरल्या मुलींना हाताशी धरलं. या कोण? तर काल-परवापर्यंत कुणाच्या तरी घरच्या कोपऱ्यात केस कापून बसवलेल्या विधवा. अपशकुनी म्हणून सकाळी जिचं तोंड कुणी बघत नसे, तिच्याकडे दुष्काळातली लहान पोरं सोपवली. यांना न्हाऊ घाल, भरव, रात्री उशाशी बस, अक्षर शिकव. आणि काय झालं बघा. ज्यांना आपण कुणाच्याच उपयोगाच्या नाही असं वाटत होतं, त्यांच्याशिवाय आता कुणाचं तरी अडायला लागलं. पोरींना आई मिळाली आणि त्या विधवांना उठायला कारण मिळालं. पुढे वाचलेल्या मुली मोठ्या झाल्या आणि नव्यानं आलेल्यांना सांभाळायला लागल्या. धीर असा एकीकडून दुसरीकडे सरकत गेला.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तो छपन्नाचा दुष्काळ म्हणून अजून लोकांच्या बोलण्यात आहे. संवताचं वर्ष ते. तेव्हा मुलींना आणायला रमाबाईंची माणसं गेली. मुक्तीतली संख्या जवळपास दोन हजारांवर पोचली. दोन हजार माणसांचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणा! दळण, पाणी, कपडे, औषध. पण मुक्तीत रिकाम्या हातानं बसायची पद्धत नव्हती. हातमाग होते, तेलाचा घाणा होता, दूधदुभतं होतं, शेती होती, शिवणकाम होतं, छापखाना होता. खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंत सगळं काम बायकाच करत. रोज सकाळी प्रत्येकीला ठाऊक असायचं की आज आपल्या वाट्याला काय आहे. खचलेल्या मनाला याहून मोठं औषध मला तरी माहीत नाही.

आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन निघालं. बार्तिमी म्हणजे बायबलमधला, येशूनं दृष्टी दिलेला आंधळा. मनोरमा परदेशात शिकून १९०० च्या सुमारास परत आली होती. तिनं आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवायला सुरुवात केली. त्या मुली वाचायला, विणायला शिकल्या. समाजानं वाईट ठरवलेल्या बायकांसाठी कृपासदन झालं. फुलहॅमचं ते घर रमाबाई विसरल्या नव्हत्या. म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीतिसदन झालं. कुणाला नाही म्हणायचं, हे त्यांना जमतच नसे.

सरकारपुढेही त्या गप्प बसल्या नाहीत. १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे काय हाल होतात ते त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून उघड केलं. त्यांच्या सदनातली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली आणि तिचा पत्ताच लागेना, ही त्यांची तक्रार होती. त्या पत्राची चर्चा विलायतेपर्यंत गेली. सरकारनं ते नाकारलं. रमाबाईंनी मात्र शब्द मागे घेतला नाही. राज्यकर्त्यांच्या धर्माची म्हणून त्यांचं सगळं गोड मानून घेणारी ही बाई नव्हती.

मुक्तीत हळूहळू एक ख्रिस्ती मंडळी तयार झाली. मंडळी म्हणजे चर्चमधला समाज, प्रॉटेस्टंट मराठी लोकांचा हा नेहमीचा शब्द. आपल्या रायगडात ख्रिस्ती वस्ती म्हटली की रेवदंड्याजवळचं कोर्लई आठवतं. तिथली गोष्ट पोर्तुगीज काळापासूनची, पिढ्यान्‌पिढ्यांची. केडगावची मंडळी अगदीच वेगळी. तिथे बहुतेक सगळ्या बायका आणि मुली, बहुतेक सगळ्या दुःखातून आलेल्या, एकीचं एकीशी रक्ताचं नातं नाही. भाषाही वेगळाल्या, कुणी हिंदी बोलणारी, कुणी गुजराती, कुणी मराठी, कुणी कानडी. अशांची मंडळी बांधायची तर नुसत्या रविवारच्या उपदेशानं भागणार नव्हतं.

१९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थना करायला बोलावलं. आधी सत्तर जणी आल्या. काही महिन्यांत ही संख्या पाचशेच्या वर गेली. एकीनं दुसरीसाठी प्रार्थना करायची, नाव घेऊन. तिचं दुखणं काय, तिची काळजी काय, हे ठाऊक असल्याशिवाय नाव घेऊन प्रार्थना करता येत नाही. त्यामुळे शेजारच्या अंथरुणावरची मुलगी कोण आहे हे प्रत्येकीला कळायला लागलं. जून महिन्यात तिथे जे घडलं त्याला ख्रिस्ती लोक संजीवन म्हणतात. मुली रडत, मोठमोठ्यानं प्रार्थना करत, मन मोकळं करत. बाहेरच्या काही मिशनरी मंडळींना हे आवडलं नाही. शिस्त सुटली, नुसता गोंगाट आहे अशी टीका झाली. रमाबाईंनी मुलींना थांबवलं नाही. परकी रीत लादण्यापेक्षा आपल्या लोकांना आपल्या रीतीनं देवाला आळवू द्यावं, असं त्यांचं मत होतं.

श्रद्धेची बाब ज्याची त्याची. मी त्याचा न्याय करणार नाही. पण बाई म्हणून मला एक दिसतं. ज्या मुलींनी आईबाप डोळ्यांदेखत मरताना पाहिले, ज्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही की आपल्यावर काय गुजरलं, त्यांना मोठ्यानं रडायला जागा मिळाली. आजूबाजूला त्यांच्यासारख्याच होत्या, हसणारं कुणी नव्हतं. रडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मागावर बसायचं होतं, लेकरांना न्हाऊ घालायचं होतं. पुढे याच मुली गट करून आसपासच्या गावांत जायला लागल्या. मदत घेणाऱ्या हातांनी आता द्यायला सुरुवात केली होती.

शेवटची वर्षं रमाबाईंनी एका मोठ्या कामाला दिली. मराठी बायबल होतं, पण ते शिकलेल्यांच्या भाषेतलं. मुक्तीतल्या साध्या बायकांना ते समजायला जड जायचं. म्हणून रमाबाईंनी चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुळातून सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. संस्कृतचा एवढा व्यासंग असलेली ही बाई, पण लिहिताना नजरेपुढे ठेवली ती नुकतंच अक्षर जुळवायला शिकलेली बाई. भाषांतर त्यांचं, खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्या बायका, छापणाऱ्याही त्याच.

१९१९ साली सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्या मानापेक्षा मोठा घाव दोन वर्षांनी बसला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. बी. ए. झालेली, आईचा उजवा हात, मुक्तीचा कारभार पुढे सांभाळील अशी जिच्यावर भिस्त होती ती. सोळाव्या-सतराव्या वर्षापासून एकेक माणूस पोचवत आलेल्या रमाबाईंनी शेवटचं आपलं माणूसही पोचवलं. त्यांची स्वतःची तब्येत ढासळली होती, ऐकू फार कमी येत होतं. तरी त्या कामावर बसत राहिल्या. भाषांतराची मुद्रितं तपासत राहिल्या. आणि ते काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. बायबल पूर्ण छापून निघालं ते १९२४ साली.

आईच्या तिरडीला खांदा द्यायला ज्या मुलीला परक्या गावात माणसं मिळाली नव्हती, तिच्या शेवटच्या दिवशी केडगावात शेकडो लेकी होत्या.

त्यांची मुक्ती अजूनही केडगावला चालू आहे. निराधार बायका-मुलांना तिथे आजही आसरा मिळतो. भारत सरकारनं १९८९ साली रमाबाईंचं टपाल तिकीट काढलं.

मैत्रिणींनो, दोन हजार जणींना सांभाळणं आपल्याच्यानं होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पण रमाबाईंच्या आयुष्यातून घेण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. खचलेल्या बाईकडे जाताना तिला काय द्यायचं एवढाच विचार आपण करतो. तिच्याकडून काय मागायचं, हाही करून बघा. नवरा गेलेल्या शेजारणीला म्हणा, माझ्या लेकीचा तासभर अभ्यास घेशील का? कर्जानं पिचलेल्या घरातल्या सुनेला बचत गटाच्या वहीचं काम सांगा, तिचं अक्षर चांगलं आहे म्हणून. आजारातून उठलेल्या आत्याबाईंना लोणच्याचं प्रमाण विचारायला जा, आणि बरणी भरायला त्यांनाच बसवा. देवळातलं भजनी मंडळ असो, मशिदीजवळची मोहल्ला कमिटी असो की चर्चमधली महिला मंडळी, जिची जागा आठवडाभर रिकामी दिसते तिच्या दाराशी कुणीतरी काम घेऊन जायला हवं. तुझ्यावाचून अडलंय, एवढं ऐकायला मिळालं तरी पुष्कळ जणी उठून केस विंचरतात, पदर खोचतात आणि बाहेर पडतात.